कोर्सचं नंतर बघू, आधी पॉलिसीचं पहिलं पान उघडा

वाचकाचं पत्र, थोडक्यात: मुलगी यंदा बीबीएला लागली. फी वर्षाला सव्वादोन लाख. एका खासगी संस्थेने मॅनेजर होऊ इच्छिणाऱ्यांसाठी कॉम्प्युटर कोर्स सुचवला आहे : एक्सेल, पॉवर बीआय, पायथन, एआय. फी १ लाख ८० हजार, १८ महिने दहा-दहा हजार, ‘नो-कॉस्ट ईएमआय’. एकरकमी भरले तर १ लाख ६२ हजार. त्यानंतर आठ लाखांचं पॅकेज मिळतं म्हणतात. पाच लाखांची एफडी आहे. ती मोडून एकरकमी भरू की ईएमआय घेऊ? शिक्षणाच्या खर्चाची तशी काळजी नाही, कारण ती अकरा वर्षांची असताना चाइल्ड एज्युकेशन पॉलिसी घेतली आहे. सात हप्ते भरले, वर्षाला ६० हजार. एजंट १५ लाख मिळतील म्हणाला होता. माझं वय ४७, हातात पगार ६५ हजार, घरखर्च ३२ हजार, घराचा हप्ता १८ हजार, कर्ज १४ लाख बाकी. पत्नी गृहिणी. पॉलिसीचे फोटो जोडले आहेत.

उत्तर :

कोर्ससाठी एफडी मोडू नका आणि ईएमआयही घेऊ नका. तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच, कारणं खाली येतील. पण ‘काळजी नाही’ हे तुमचं वाक्य वाचलं, मग पॉलिसीच्या पहिल्या पानाचा फोटो मोठा करून पाहिला आणि कोर्स बाजूला ठेवावा लागला.

त्या पानावर ‘विमाधारक’ म्हणून मुलीचं नाव आहे. तुमचं नाव खाली, ‘प्रस्तावक’ म्हणजे पॉलिसी काढणारा म्हणून. घरात कमावणारे एकटे तुम्ही आणि आठ लाखांचा विमा उतरवला अकरा वर्षांच्या पोरीचा! तिच्या कमाईवर कोणाचं घर चालत होतं? उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर या पॉलिसीतून घरात छदामही येणार नाही. उलट पुढचे साठ हजार कोण भरणार, हा प्रश्न तुमच्या पत्नीपुढे उभा राहील. प्रीमियम माफीचा रायडर, म्हणजे मूळ पॉलिसीला जोडलेली जादा तरतूद, असता तर निदान हप्ते सुटले असते, पण फोटोत रायडरचा रकाना कोरा दिसतो. दुसरा कुठला विमा असल्याचं पत्रात लिहिलेलं नाही, म्हणजे नाहीच असं धरतो.

मुदतीचं तर काय बोलावं. अकराव्या वर्षी पंधरा वर्षांची पॉलिसी, म्हणजे पैसे येणार मुलगी सव्वीस वर्षांची झाल्यावर. बीबीए एकविसाव्या वर्षी संपतं, ऑनर्ससाठी चौथं वर्ष घेतलं तर बाविसाव्या, पुढे एमबीए केलं तर तेविसाव्या-चोविसाव्या. शिक्षण उरकून दोन वर्षं नोकरी झाल्यावर शिक्षणाचे पैसे! मुदत लांब तसं एजंटचं पहिल्या वर्षाचं कमिशन मोठं, याहून वेगळं कारण मला तरी सुचत नाही.

आता ते १५ लाख. तुम्ही पाठवलेल्या बोनसच्या (कंपनी दरवर्षी जाहीर करते, पण हातात शेवटी मिळते त्या रकमेच्या) पत्रात वर्षाला ३६ हजार लिहिलेत. पंधरा वर्षांचे ५ लाख ४० हजार, अधिक विमा रक्कम ८ लाख. झाले १३ लाख ४०, तेही बोनसचा दर टिकला तर. भरायचे एकूण ९ लाख. परतावा पावणेपाच टक्क्यांच्या आसपास. मुलीला दहा पूर्ण झाल्यामुळे मुलींसाठीच्या सुकन्या समृद्धी बचत योजनेचं दार तेव्हा बंद झालं होतं, पण पीपीएफ होतंच की. या सात वर्षांत पीपीएफचं व्याज सात टक्क्यांखाली एकदाही आलेलं नाही.

एवढं वाचून तुम्ही उद्याच पॉलिसी मोडायला निघाल, म्हणून थांबवतो. अशी पॉलिसी दिसली की डोळे मिटून ‘सरेंडर करा’ म्हणायची आमच्या धंद्यात फॅशन आहे. शाखेने तुम्हाला सरेंडरचे ३ लाख २० हजार सांगितलेत. भरलेत ४ लाख २०. लाखाचा फटका बसला तो बसला, तो आता हिशेबात धरू नका. आज ३ लाख २० हजार हातात घेतले आणि वर्षाला साठ हजार दुसरीकडे टाकत राहिलात, तर आठ वर्षांनी १३ लाख ४० हजार गाठायला साडेआठ टक्क्यांच्या वर परतावा हवा, तोही कर भरून झाल्यावरचा. एफडीत तो मिळत नाही. इक्विटी फंडात मिळेलही, पण खात्रीने कोणी देत नाही. हप्ते थांबवून पॉलिसी ‘पेड-अप’ केली तर शेवटी मिळतील सव्वासहा लाख, म्हणजे तोही मार्ग फायद्याचा नाही. या असल्या पॉलिसीची सुरुवातीची वर्षं सर्वांत वाईट असतात आणि ती तुम्ही भोगून झालात. हप्ता झेपतो तोवर चालू ठेवा. हे पैसे शिक्षणाचे नाहीत एवढं मात्र मनाशी पक्कं करा.

शिवाय मोडायचं म्हटलं तरी सही कदाचित तुमची चालणार नाही. मुलांच्या अशा बहुतेक पॉलिसींत मूल सज्ञान झालं की मालकी त्याच्याकडे जाते. मुलगी अठरा पूर्ण झाली असेल तर कर्ज, सरेंडर, शेवटचा चेक, सगळं तिच्या नावावर. शाखेत जाऊन मालकीची नोंद आणि तिचं केवायसी झालंय का, ते विचारा.

मग पहिलं काम कोणतं? तुमच्या स्वतःच्या नावाचा टर्म इन्शुरन्स, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच घरच्यांना पैसे देणारा निव्वळ विमा. चौदा लाखांचं कर्ज, सात लाखांची फी आणि वर्षाला चार लाखांचा घरखर्च पाहता एक कोटीच्या खाली मी जाणार नाही. मुदत वयाच्या साठीपर्यंत. प्रीमियम तब्येत आणि तंबाखूवर ठरेल, पण हिशेबासाठी वर्षाला २५ हजार धरू. वैयक्तिक आयुर्विम्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून गेला, तेवढी बचत. फॉर्ममध्ये बीपी, शुगर, सिगारेट जे असेल ते लिहा. एजंट ‘लिहू नका’ म्हणाला तर एजंट बदला.

आता घराचं गणित. पगारातून खर्च आणि हप्ता जाऊन महिन्याला १५ हजार उरतात, वर्षाचे १ लाख ८०. त्यातून पॉलिसीचे साठ आणि टर्मचे पंचवीस गेले की राहिले ९५ हजार. फी सव्वादोन लाख. वर्षाला १ लाख ३० हजार कमी पडतात, तीन वर्षांत ३ लाख ९०. एफडी पाच लाखांची, म्हणजे शेवटी हातात एक लाख दहा हजार. दोन महिन्यांचा खर्च! यात तो कोर्स घुसवायला जागा कुठे आहे, मला दाखवा. चौथ्या वर्षाची फी तर मी धरलेलीच नाही. तिसऱ्या वर्षाच्या फीसाठी बँकेचं शिक्षणकर्ज घ्या. साडेसात लाखांपर्यंत सहसा तारण मागत नाहीत, परतफेड कोर्स संपल्यावर साधारण वर्षाने सुरू होते आणि एफडीतला थोडा पैसा अडीअडचणीला शिल्लक राहतो.

‘नो-कॉस्ट’चं म्हणाल तर रोख १ लाख ६२ आणि हप्त्याने १ लाख ८०, मधले अठरा हजार काय देणगी आहेत? वर्षाला साडेतेरा टक्क्यांच्या आसपास व्याज पडतं. आणि हा संस्थेचा हप्ता नसतो, एखाद्या फायनान्स कंपनीचं तुमच्या नावावरचं कर्ज असतं. संस्थेला पैसे आधीच पोचतात. मुलीने तिसऱ्या महिन्यात कोर्स सोडला तरी हप्ते चालूच, थकवले तर सिबिल, म्हणजे कर्जफेडीची नोंद, तुमची खराब. १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा कर्जाचं ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ देणं सक्तीचं आहे. ते मागा, त्यात वार्षिक दर लिहिलेला असतो. आठ लाखांच्या पॅकेजबद्दल माहितीपत्रकात ‘१०० टक्के प्लेसमेंट असिस्टन्स’ छापलं असेल. असिस्टन्स म्हणजे मदत. नोकरी देऊ असं त्यात कुठेही लिहिलेलं नसतं.

कॉम्प्युटर यायलाच हवा, त्यात वाद नाही. पण बीबीए करून लागलेल्या मुलीपुढे पहिल्या वर्षी काय येतं? विक्रीची एक शीट. तारखा तीन पद्धतींनी टाकलेल्या, एकाच डीलरचं नाव दोन स्पेलिंगने, मधल्या ओळी रिकाम्या. ती साफ करायची, लुकअप लावायचं, पिव्हट टेबल काढायचं आणि साहेबांना एका पानावर सांगायचं की माल कुठे अडलाय. हे हात बसल्याशिवाय येत नाही आणि हात बसायला लाख रुपये लागत नाहीत. आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल फुकट आहेत, मराठीतूनही. केंद्र सरकारच्या ‘स्वयम’ पोर्टलवरचे कोर्स फुकट, फक्त प्रमाणपत्र हवं असेल तर परीक्षेची फी. लिबरऑफिस, पायथन, पॉवर बीआय डेस्कटॉप फुकट उतरवता येतात. बीबीएच्या अभ्यासक्रमातही कॉम्प्युटरचे पेपर असतात, त्यांचे पैसे तुम्ही सव्वादोन लाखांत भरलेतच. खर्च करायचाच तर बरा लॅपटॉप घ्या.

तिला पहिला सराव मीच देतो. एका रकान्यात पंधरा वेळा उणे साठ हजार, सोळाव्या ओळीत १३ लाख ४०, खाली आयआरआरचं, म्हणजे वार्षिक परतावा काढायचं, सूत्र. मग सोळाव्या ओळीत एजंटचे १५ लाख टाकून बघू दे : तेव्हाही परतावा सव्वासहा टक्क्यांच्या वर जात नाही.

आणि एक राहिलं. २०२४-२५ पासून बीबीए, बीएमएस, बीसीए हे अभ्यासक्रम एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या कक्षेत आले. महाराष्ट्रात त्यासाठी सीईटी ही प्रवेश परीक्षा सुरू झाली, तेव्हा काही कॉलेजांनी अभ्यासक्रमाचं नाव बदलून वाट काढली. दुसऱ्या वर्षाची फी भरण्याआधी एआयसीटीईच्या यादीत तुमचं कॉलेज आणि कोर्सचं नेमकं नाव बघून घ्या.