स्क्रॅबलमध्ये हातात क्यू आहे आणि यू नाही, तर कोणते शब्द लावता येतात?

सगळ्यात आधी क्यू-आय लावायला जागा शोधा. उच्चार ‘ची’, अर्थ चिनी विचारातली प्राणशक्ती, आणि तो बिनधास्त चालतो. क्यू एकट्याचेच १० गुण. तो अक्षराचे गुण तिप्पट करणाऱ्या घरात पडला आणि आडवा-उभा दोन्हीकडे क्यू-आय जुळला, तर एका फटक्यात ६२ होतात. बाकीचे शब्द आपल्याला पाठ करायला सोपे, कारण बरेचसे अरबीतून इंग्रजीत गेलेत आणि आपल्या कानावरचे आहेत:

- फकीर: एफ-ए-क्यू-आय-आर
- तलाक: टी-ए-एल-ए-क्यू
- काझी: क्यू-ए-डी-आय (इथे झेड नाही, डी)
- नकाब: एन-आय-क्यू-ए-बी

शिवाय क्यू-ए-टी, म्हणजे येमेनमध्ये चघळतात तो पाला. तीनच अक्षरं, त्यामुळे कुठेही बसतो. कॉलिन्सच्या (म्हणजे कॉलिन्स शब्दकोशवाल्यांच्या स्क्रॅबल शब्दयादीच्या) यादीत कव्वालीसुद्धा आहे: क्यू-ए-डब्ल्यू-डब्ल्यू-ए-एल-आय. सातही सोंगट्या हातच्या लागल्या तर वर ५० बोनस, फक्त इंग्रजी संचात डब्ल्यू दोनच असतात आणि दोन्ही, किंवा एकाऐवजी कोरी सोंगटी, तुमच्याकडेच यायला हवेत (स्वप्न बघायला काय जातं!).

एक लक्षात ठेवा: इराक, कतार ही विशेषनामं, ती चालत नाहीत. आणि अमेरिका-कॅनडातली अधिकृत यादी कॉलिन्सपेक्षा वेगळी आहे, तेव्हा कोणती यादी धरायची हे डाव मांडण्याआधीच ठरवा.