आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलंय. दुखतं का? नंतर काय होतं?

दुखत नाही. बहुतेक वेळा थेंब घालून डोळा बधिर करतात. आई शुद्धीवरच असेल, समोर फक्त झगझगीत उजेड दिसेल. फेको पद्धतीत दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून गढूळ भिंग फोडून ओढून घेतात आणि तिथे घडी केलेली कृत्रिम लेन्स बसवतात. साधारण अर्ध्या तासात सगळं आटोपतं, त्याच दिवशी घरी.

पट्टी काढल्यावर पहिली गंमत रंगांची: पिवळट वाटणारी साडी पांढरीशुभ्र निघते! थोडं खुपणं, पाणी येणं काही दिवस चालतं. थेंब मात्र ४ ते ६ आठवडे, वेळच्या वेळी. डोळा चोळायचा नाही, सुरुवातीला डोक्यावरून अंघोळ नाही, फोडणीच्या धुरात उभं राहणं नाही. (हे शेवटचं आयांना पटवणं सगळ्यात अवघड.) दुखणं किंवा लाली वाढली, नजर कमी झाली, तर थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

साधी मोनोफोकल (एकाच अंतरावरचं स्पष्ट दाखवणारी) लेन्स असेल तर वाचायला चष्मा बहुधा लागतोच. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा धूसर दिसलं तर घाबरू नका; लेन्समागचं पातळ आवरण गढूळलेलं असू शकतं, ते लेझरने काही मिनिटांत मोकळं करतात.