निधी कोणत्या काठाला लागणार?

नाशिक

प्रिय मुली,
अनेक उत्तम आशीर्वाद.

गंगापूर धरणाच्या जलाशयात दिवसभर कयाक वल्हवून लहान मुलांच्या दुर्मीळ आजारांवरील संशोधनासाठी निधी उभा करण्याचा तुझा आराखडा वाचला. त्यात सराव, आहार आणि फेऱ्यांचा हिशेब पानेच्या पाने आहे, पण पैसा कोणाकडे जाणार याविषयी जेमतेम एक ओळ आहे. हे प्रमाण मला उलटे हवे आहे.

बहामातील बिमिनी बेटावरून मध्यरात्री निघून, गल्फ स्ट्रीमचा प्रवाह कापत, फ्लोरिडाच्या किनाऱ्यापर्यंत सुमारे 130 किलोमीटर वल्हवत जाण्याची एक मोहीम आहे. ती केवळ सिस्टिक फायब्रोसिस या एका आजारासाठी चालते. या आजारात सीएफटीआर नावाच्या जनुकातील दोषामुळे पेशींतील क्षार आणि पाण्याची ये-जा बिघडते, फुफ्फुसांतील कफ चिकट होतो आणि घाम इतका खारट होतो की बाळाचा पापा घेताना आईला ती चव जाणवते. ऑस्ट्रेलियात लाटांवर सर्फिंग करणाऱ्या रुग्णांचा श्वास मोकळा राहतो, हे डॉक्टरांच्या ध्यानात आले आणि त्या धाग्यावरून 7 टक्के मिठाचे द्रावण नेब्युलायझरने देण्याच्या चाचण्या झाल्या. त्यांचे निष्कर्ष 2006 मध्ये प्रसिद्ध झाले. समुद्र आणि आजार यांचे नाते असे उघड असल्याने देणगीदाराला फार समजावावे लागत नाही. दुर्मीळ आजार मात्र हजारो आहेत, तेव्हा तूही एकच निवड.

त्यानंतर उपचार आणि संशोधन यांची गल्लत टाळ. स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी या स्नायू दुबळे करणाऱ्या जनुकीय आजारावरील जनुकोपचाराचा खर्च कोटींच्या घरात जातो. दुर्मीळ आजारांविषयीच्या 2021 च्या राष्ट्रीय धोरणाखाली, मुंबईच्या केईएम रुग्णालयासारख्या निवडक केंद्रांतून, एका रुग्णाला 50 लाखांपर्यंत मदत मिळू शकते. तुझ्या निधीतून नवे औषध निघणार नाही, पण काही कुटुंबांच्या जनुकीय तपासण्या किंवा रुग्णनोंदणीचे काम निश्चित होईल, आणि आवाहनात नेमके तेवढेच लिहावे. पैसे तुझ्या खात्यावर घेऊ नकोस; ते थेट करसवलतीची पावती देणाऱ्या नोंदणीकृत न्यासाकडे जाऊ देत. बचाव बोटीचे भाडे, जेवण आणि टी-शर्ट यांचा खर्च प्रायोजकांकडून वेगळा घे, देणगीतला एक रुपयाही त्यात वळवू नकोस. हा मुद्दा कंटाळवाणा वाटेल, तरी लोक विचारतील तो हाच.

पाण्याविषयी थोडक्यात सांगतो. जलसंपदा विभागाची लेखी परवानगी आधी घे, कारण हे शहराच्या पिण्याचे पाणी आहे. पावसाळा टाळच, धरणातून विसर्ग सुरू झाला की गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी चढले हे सारे शहर पाहत असते, अशा वेळी गोदावरीत उतरणे हे धाडस नव्हे. नदीने खाली नांदूरमधमेश्वरपर्यंत जाण्याचा विचारही सोड, वाटेत पाणवेली आहेत आणि पुढे पक्षी अभयारण्य. नाशिकला वल्ह्याची परंपरा नाही असे कोणी म्हणाले, तर चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीच्या दत्तू भोकनळ यांचे नाव सांग. ते 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये उतरले होते. अर्थात त्यांचे रोइंग, जायच्या दिशेला पाठ करून. तुझे कयाकिंग वेगळे, तोंड पुढे करून, म्हणून प्रशिक्षकही कयाकचाच शोध.

फेब्रुवारीचा शेवटचा दिवस जागतिक दुर्मीळ आजार दिन असतो, थंडीही ओसरलेली असते. तारीख त्याच सुमाराची धर. न्यासाशी बोलणे झाले की आवाहनाचा मसुदा छापण्याआधी मला पाठव.

तुझे सर