सॅन फ्रान्सिस्कोत कँटनीज आणि इंग्रजी दोन्ही येत असेल तर हॉस्पिटल, समाजसेवेत काम मिळेल का?

हो मिळेल, आणि या कामाची खरंच गरज आहे. चायनाटाउनमधले म्हातारे आजीआजोबा बरेचसे दक्षिण चीनमधल्या, कँटनीज बोलणाऱ्या ग्वांगडोंग प्रांताकडचे, त्यांच्याशी मँडरिन, म्हणजे चीनची राजभाषा, बोलून चालत नाही, औषध जेवणाआधी की नंतर हे त्यांच्याच बोलीत सांगावं लागतं. ग्वांगडोंगमधल्याच तोइसान भागाची बोली थोडीफार येत असेल तर अजूनच भारी.

१९२५ पासून चालू असलेलं चायनीज हॉस्पिटल आहे, तिथल्या जागा बघ, मग ऑन लोक, ही संस्था म्हाताऱ्यांना घरीच राहता यावं म्हणून डे सेंटर, डॉक्टर, गाडी सगळं बघते, आणि सेल्फ हेल्प फॉर द एल्डरली, हीसुद्धा म्हाताऱ्यांसाठीचीच संस्था. डिग्री नसेल तर रिसेप्शन, मेडिकल असिस्टंट, घरी जाऊन काळजी घेणं इथून सुरुवात कर, नर्स किंवा सोशल वर्कर असशील तर भाषेमुळे तू नक्कीच पुढे राहशील.

इंटरप्रिटर व्हायचं असेल तर मात्र नुसतं घरी बोलता येणं पुरत नाही हं, ४० तासांचं ट्रेनिंग घे, मग एनबीसीएमआय, म्हणजे मेडिकल इंटरप्रिटरना सर्टिफिकेट देणारं राष्ट्रीय बोर्ड, त्यांची परीक्षा दे, तिच्यात कँटनीजची तोंडी परीक्षा आहे. आणि रोगांची, अवयवांची नावं दोन्ही भाषांत पाठ कर, तिथं चूक झाली तर त्रास पेशंटला होतो.