चोरीचा टेंपो

प्रश्न असा: शोपँचं ई मायनर प्रिल्यूड (पियानोची एक छोटी रचना) शिकताना बाई सारखं 'इथे रूबॅटो घे' म्हणतात. मराठीत याला 'लयमुक्त' म्हणावं का?

अजिबात नाही. 'लयमुक्त', 'मुक्त लय', 'भावनेनुसार संथ', सगळं ऐकून कान किटले. आणि 'रूबॅटो' नव्हे, रुबातो.

पूर्ण संज्ञा 'टेंपो रुबातो', शब्दशः चोरीचा टेंपो. टेंपो म्हणजे काळ, लय; एका स्वराचा थोडा वेळ चोरून दुसऱ्याला द्यायचा. (हसा खुशाल. आपला मालवाहू टेंपो एका जर्मन कंपनीच्या नावावरून आलाय, आणि ते नाव म्हणजे हाच शब्द.) चोरी म्हटली की मालक आलाच. लयच सोडून दिलीत तर चोरणार कोणाचं? शोपँचा शिष्य मिकुली सांगतो की गुरूचा साथीचा हात काटेकोर चाले, मागेपुढे होई तो गाणारा हात. ख्याल ऐकणाऱ्याला हे वेगळं समजवायला नको.

आता खरी गंमत. इटालियन 'रुबारे' म्हणजे चोरणे हे क्रियापद जर्मानिक भाषांच्या घराण्यातून आलं. इंग्रजी 'रॉब' त्याच घरचा, आणि झग्याचा 'रोब'सुद्धा, कारण लुटीत अंगावरचे कपडेही जात. पण याहून जुनं नातं संस्कृत 'लुप्'शी सांगतात, 'र'च्या जागी 'ल'. लुम्पति: तोडतो, हिसकावतो. चोरीच्या मालाला अमरकोशात 'लोप्त्र' आहे, आणि आपली 'लूट' तिथूनच आली असं मी मानतो. 'लुण्ट्' धातू पुढे करणारे करोत बापडे. चोरीचा माल हातात असताना मी धातू कशाला शोधत बसू? शिवाय याच 'लुप्'चा 'लोप'. पाणिनी म्हणतो, 'अदर्शनं लोपः', दिसेनासं होणं म्हणजे लोप. पण प्रत्यय लोपला तरी त्याचं कार्य मागे उरतं, हेही तोच सांगतो. रुबातोची याहून नेमकी व्याख्या मला कुठल्याही संगीतकोशात सापडलेली नाही! मात्रा कुठे गेली ते दिसत नाही, परिणाम मात्र कानात राहतो.

1723 साली तोसी या गायकाने लिहिलं की चोरलेला काळ परत केला तर ती चोरी सन्मानाची. पदेरेव्स्की (पियानोवादक, 1919 मध्ये पोलंडचा पंतप्रधानही) यावर खवचटपणे म्हणतो की एवढी उच्च नीतिमत्ता आम्हाला झेपत नाही, म्हणजे चोरलेलं परत करायलाच हवं असं नाही. वादक थोर, पण हा सल्ला 25 मापांच्या (मेझर, म्हणजे ठरावीक मात्रांचे खंड) या प्रिल्यूडला मारक आहे. इथे उजवा हात बराच वेळ दोन शेजारच्या स्वरांत घुटमळतो. सरकतात ती डाव्या हातातली स्वरसंगती, अर्ध्या-अर्ध्या स्वराने खाली. तो डावा हातच रेंगाळला तर घसरण कशी ऐकू येणार?

बरं, या तुकड्यात शोपँने 'रुबातो' लिहिलेलंच नाही! आरंभी 'लार्गो' आहे, ज्याचा मूळ अर्थ संथ नसून रुंद. उत्तरार्धात 'स्ट्रेटो', म्हणजे आवळत न्या. नेमक्या तिथेच विद्यार्थी हळू होतात. मग 'स्मोर्झांदो', विझवत न्या. यात 'मृत'चा भाऊबंद दडलाय, पण तो पुन्हा कधीतरी.

प्रतिशब्द राहिलाच. 'चोरलय' म्हणा. कामचोर चालतो, अंगचोर चालतो, मग हाही चालावा. घाईत कोणी 'चोरलंय' वाचलं तरी अर्थ बिघडत नाही.