शेततळ्यातले मासे आणि थंडी : शेतकऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरे

कार्तिक सरला की आमच्याकडे द्राक्षावरच्या भुरीचे आणि कांद्यावरच्या करप्याचे फोन वाढतात. ते ठरलेलेच. यंदा त्यात माशांची भर पडली आहे. निफाड, चांदवड, सिन्नर पट्ट्यात बागेसाठी शेततळी झाली, पाणी आहेच तर मासे सोडू म्हणून अनेकांनी बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) टाकली, आणि आता पारा उतरायला लागल्यावर धाकधूक सुरू झाली आहे. सगळ्यांना वेगवेगळं सांगण्यापेक्षा आलेले प्रश्न एकत्र घेतो.

प्रश्न : पहाटे द्राक्षाच्या पानावरचं दव गोठलेलं दिसतं. शेततळ्याचं पाणीही गोठेल का? मोबाईलवर एका व्हिडिओत सांगतात की बर्फाला भोक ठेवायचं, मासे तळाच्या उबदार पाण्यात बसून राहतात. आम्ही तसंच काही करावं का?

तुमचं शेततळं गोठणार नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी किंवा सातपुड्यात तोरणमाळ, डाब भागात दव गोठल्याची बातमी जवळजवळ दर हिवाळ्यात येते. गवत पांढरं होतं, गाड्यांच्या टपावर हिमकण जमतात, पण तलाव वाहताच राहतो. पान पातळ असतं. निरभ्र रात्री ते आपली ऊब आकाशाकडे टाकून हवेपेक्षाही गार होतं. पाण्याचं तसं नाही. ३० × ३० × ३ मीटरचं, १:१ उताराचं शेततळं काठोकाठ भरलं तर त्यात २१ लाख ९६ हजार लिटर पाणी मावतं. एवढं पाणी एका रात्रीत फार तर अर्धा-एक अंश उतरतं.

त्या व्हिडिओतलं खोटं काही नाही, पण ते दुसऱ्या मुलखाचं आहे, आणि घोळ इथेच होतो. पाणी सर्वांत जड असतं ४ अंश सेल्सिअसला. ज्या देशात तळी गोठतात तिथे ४ अंशांचं पाणी तळाला जाऊन बसतं, त्याहून गार पाणी हलकं म्हणून वर राहतं आणि त्याचाच बर्फ होतो. त्यामुळे तिथे तळ खरोखर वरच्यापेक्षा उबदार असतो. आपलं पाणी ४ अंशांपर्यंत कधी उतरतच नाही. ते १५-२०च्या घरात असतं आणि त्या घरात गार पाणी जड असतं. म्हणजे रात्री वरचं पाणी गार झालं की ते खाली बुडतं आणि खालचं वर येतं. आपल्या माशाला लपायला उबदार तळ नसतो. थंडीच्या रात्री पाणी तळापर्यंत ढवळलं जातं.

हे ढवळणंच काही वेळा घात करतं. पावसाळाभर टाकलेलं न खाल्लेलं खाद्य, विष्ठा, मेलेलं शेवाळ तळाला साचलेलं असतं. तिथल्या पाण्यात प्राणवायू नसतो, घाण वायू असतात. हळूहळू थंडी पडली तर थोडं थोडं मिसळून निभावतं. पण डिसेंबरात अवकाळी पाऊस आला किंवा एकाच रात्रीत पारा घसरला, की पाणी एकदम पालटतं आणि सकाळी मासे वर तोंड काढून श्वास घेताना दिसतात, काही पोट वर करून तरंगतात. शेतकरी म्हणतो थंडीनं मेले. थंडी निमित्त झाली, मारलं तळातल्या घाणीनं. रोहू, कटला, मृगळ आपल्याकडच्या थंडीनं सहसा मरत नाहीत, आणि सायप्रिनस (कॉमन कार्प) तर बर्फाखालीही जगणारा मासा आहे.

प्रश्न : द्राक्षबागेत पहाटे शेकोट्या पेटवतो तशा शेततळ्याच्या काठावर पेटवल्या तर? किंवा पाण्यात हीटर सोडला तर?

हिशेब करून बघा. एक लिटर पाणी एक अंशानं तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते. म्हणजे भरलेल्या शेततळ्याला साधारण २२ लाख. एक किलो वाळक्या लाकडातून साडेतीन हजारांच्या आसपास मिळते. सगळी धग पाण्यातच गेली असं धरलं तरी एका अंशाला ६०० किलोहून जास्त लाकूड, आणि काठावरच्या शेकोटीची धग पाण्यात जाते कुठे, ती वर जाते. विजेनं करायचं तर एका अंशाला अडीच हजार युनिट. बागेत शेकोटीचा उपयोग होतो, कारण तिथे वेलीभोवतीची हवा आणि धूर सांभाळायचा असतो. तळ्याच्या काठाची शेकोटी राखण करणाऱ्याच्या हाताला शेक देईल, तेवढंच.

उष्णता विकत आणायची नाही, आहे ती घालवायची नाही. रात्री पृष्ठभागावरून जेवढी उष्णता जाते तेवढी जातेच, पाणी खोल असो की उथळ. ती ३ मीटर पाण्यातून गेली तर पाणी थोडं उतरतं. तेच पाणी तुम्ही उपसून अर्ध्या मीटरवर आणलं असेल तर सहापट उतरतं. आपल्याकडे नेमकं हेच होतं. पौष-माघात कांद्याला, बागेला पाणी लागतं, मोटर चालू राहते, आणि ऐन थंडीत शेततळं गुडघाभर उरतं. मला विचाराल तर हिवाळ्यात मासा वाचवायचा एकच मोठा उपाय आहे : माघ संपेपर्यंत दीड मीटरच्या खाली पाणी जाऊ देऊ नका. शेततळ्याच्या प्लास्टिकवर, तळापासून दीड मीटर उंचीवर, ऑइल पेंटनं रेघ मारा. रेघ उघडी पडली की मोटर बंद. पाणी पुरणारच नसेल तर मासे आधी विका. पीक आणि मासा दोन्ही अर्धवट जगवण्यात अर्थ नाही.

जमलं तर उत्तरेकडच्या बांधावर तुराट्यांचा किंवा जुन्या शेडनेटचा आडोसा करा. वारा पाण्यावरून गेला की बाष्पाबरोबर ऊब नेतो.

प्रश्न : मासे खाद्य खात नाहीत. आजारी आहेत का? टॉनिक द्यावं का?

टॉनिक नको. माशाच्या अंगात आपल्यासारखी स्वतःची ऊब नसते, पाणी जेवढं तेवढं त्याचं अंग. २५ ते ३० अंशांत तो भरपूर खातो. २०च्या खाली पचन मंदावतं, १५च्या आसपास तो खाणं जवळजवळ सोडतो. अशा वेळी सवयीनं टाकलेलं खाद्य तळाला जातं, आणि वर सांगितलेली घाण तिथूनच तयार होते. प्लास्टिकच्या शेततळ्यात तर खाली मातीही नसते, त्यामुळे कुजणारं सगळं पाण्यातच राहतं. थंडीत जास्त खाद्य घालणारा शेतकरी मेहनती असतो, पण नुकसान त्याचंच जास्त होतं.

अंदाजानं खाद्य टाकू नका, पाण्याचं तापमान मोजा. साधा तापमापक बुचाच्या बाटलीत ठेवा, बाटलीला दगड बांधून दोरीनं मीटरभर खाली सोडा, झटका देऊन बूच काढा, पाणी भरल्यावर दोन-चार मिनिटं थांबून वर ओढा आणि वाचा. सकाळी ७ला आणि दुपारी ३ला. वहीत लिहा. दुपारचं पाणी २५च्या वर असेल तर वजनाच्या २ ते ३ टक्के खाद्य चालू ठेवा. २०च्या आसपास १ टक्का, तेही एकदाच, उन्हाच्या वेळी, दुपारी १२ ते १च्या सुमाराला. १६च्या खाली बंद. मासे उपाशी मरणार नाहीत, त्यांच्या अंगातल्या ऊर्जेचा खर्चही त्या दिवसांत कमी असतो. ताटात थोडं खाद्य ठेवून दोरीनं पाण्यात सोडा, दीड तासानं बघा. ताट रिकामं तरच पुढचं.

तळ्यात खत म्हणून टाकता ते शेणही बंद ठेवा. थंडीत ते कुजत नाही, साठून राहतं आणि फाल्गुनात ऊन वाढलं की सगळं एकदम कुजायला लागतं. मग प्राणवायू कमी पडतो.

एअरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) असेल तर निरभ्र दिवसांत दुपारी तास-दोन तास चालवा, उन्हानं तापलेलं वरचं पाणी खाली जाईल. रात्रभर चालवू नका, पाणी उगाच गार होतं. अपवाद ढगाळ किंवा धुक्याच्या दिवसांचा : शेवाळाला ऊन मिळालं नाही की प्राणवायू तयार होत नाही, तेव्हा पहाटे ४ पासून उजाडेपर्यंत चालवा. गार पाण्यात प्राणवायू जास्त मावतो हे खरं (२० अंशांना लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, ३०ला साडेसात), पण मावणं वेगळं आणि असणं वेगळं. एअरेटर नसेल तर विहिरीचं पाणी फवाऱ्यानं किंवा उंचावरून पाडा.

प्रश्न : अंगणात ताडपत्रीची गोल टाकी आहे, ४ मीटर व्यासाची. तिलापिया आणि थोडे पंगस आहेत. चार दिवसांत निम्मे मेले.

इथे मात्र थंडीनंच मेले. तुमच्या टाकीत १२ हजार लिटर धरलं तरी ते शेततळ्याच्या पासंगालाही पुरत नाही, शिवाय चारी बाजूंनी वारा. असं पाणी एका रात्रीत बरंच उतरतं. तिलापिया १६च्या आसपास खाणं सोडतो आणि १०-११ अंशांना मरतो. पंगस त्याच्याही आधी माना टाकतो. दोघंही उष्ण प्रदेशातले मासे, निफाडच्या थंडीत उघड्या टाकीत त्यांना ठेवणं ही चूकच होती. विक्रेत्यानं ती सांगायला हवी होती.

उरलेल्यांसाठी आज करता येईल ते सांगतो. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी हिवाळ्यात साधारण २४ अंशांच्या आसपास असतं. पहाटे हात घातला तर वाफाळलेलं वाटतं ते त्यामुळेच. टाकीचं पाणी १४ अंश असेल, तळातून ३ हजार लिटर घाणीसकट काढून तेवढंच ताजं विहिरीचं पाणी घातलं, तर टाकी साडेसोळावर येते. मात्र ते शॉवरसारखं पाडा, बोअरच्या पाण्यात प्राणवायू कमी असतो, आणि तीन-चार तासांत सावकाश सोडा. एकदम तापमान बदललेलंही माशाला सोसत नाही. टाकीवर बांबूच्या कमानी घालून पारदर्शक प्लास्टिक ताणा, दुपारी एक बाजू उघडी ठेवा, बाहेरून भाताचा पेंढा किंवा गोणपाट गुंडाळा. टाकीच्या बाबतीत हीटरही अशक्य नाही, एका अंशाला साधारण १४ युनिट, पण तिलापियाच्या भावात ते बसतं का हे तुम्हीच बघा. आणि ओल्या हातांनी वायर जोडू नका.

पुढच्या वर्षी आषाढ-श्रावणात बोटुकली सोडा आणि तिलापिया, पंगस दिवाळीनंतर लगेच काढा. मार्गशीर्षात पुष्कळ घरी मासे बंद असतात, भाव पडतो. त्याच्या आत विकलेलं बरं. हिवाळा काढायचा तर सायप्रिनस, रोहू, गवत्या ठेवा.

प्रश्न : मृगळाच्या अंगावर लाल चट्टे, मग जखमा. शेजारच्या तळ्यातही तेच.

फोटोवरून हा चट्ट्यांचा बुरशीजन्य रोग वाटतो. १९८८ साली तो भारतात शिरला, आणि पावसाळा संपून पाणी गार व्हायला लागलं की डोकं वर काढतो. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेनं त्यावर सिफॅक्स नावाचं औषध काढलं आहे. प्रमाण हेक्टर-मीटर पाण्याला (एक हेक्टरवर एक मीटर खोल पाणी) १ लिटर. भरलेल्या ३० × ३० × ३ तळ्याला ते २२० मिली होतं, पाणी निम्मं असेल तर औषधही निम्मं. ते भरपूर पाण्यात मिसळून सगळीकडे शिंपडा. त्याआधी पाण्याचा सामू (पीएच) तपासा. तो साडेआठच्या वर असेल तर चुना टाकू नका, कमी असेल तर १५ ते २० किलो कृषी चुना कालवून, गार करून दुपारी फेका. जाळं शेजाऱ्याकडून आणू नका, देऊ नका. आणि हा माझ्या विभागाचा विषय नाही, मी कृषीचा माणूस. तेव्हा एक जखमी मासा बर्फात ठेवून जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात दाखवा, मगच औषध घ्या.

थंडीत पहाटे जाळं ओढून वजन बघायचा मोह टाळा. खवले निघाले की जखम भरत नाही आणि बुरशी तिथेच धरते. तपासायचंच तर दुपारी, चार-पाच मासे, ओल्या हातांनी. शेततळ्याचं प्लास्टिक पहाटेच्या दवानं तेल लावल्यासारखं निसरडं होतं, गडी एकटा उतरवू नका. काठाला गाठी मारलेला दोर आणि हवा भरलेली ट्यूब कायम असू द्या.

प्रश्न : मुलगी कॅनडात टोरांटोजवळ राहते. तिच्या घरामागे रंगीत माशांचं छोटं तळं आहे. तिथे खरंच बर्फ होतो. बाबा, तुमच्या साहेबांना विचारा म्हणाली.

ताईंना सांगा, त्यांच्यासाठी तो व्हिडिओ बरोबर आहे. तळं निदान तीन फूट खोल हवं. पानगळीतच वर जाळी टाकून पानं काढावीत, नाहीतर ती बर्फाखाली कुजतात आणि वायू बाहेर पडायला वाट उरत नाही. पाणी १० अंशांच्या खाली गेलं की खाद्य पूर्ण बंद. सगळा बर्फ वितळवायचा नाही, वायू जायला एक भोक उघडं राहिलं की पुरे. त्यासाठी तरंगता छोटा हीटर तिकडे मिळतो. हवेचा दगड (पंपाची हवा बुडबुड्यांनी पाण्यात सोडणारा) वापरला तर तो तळाला ठेवू नये, वरच्या थरात टांगावा, नाहीतर तळाचं ४ अंशांचं पाणी वर येऊन सगळंच गोठणाऱ्या पाण्याइतकं गार होईल. भोक बंद झालं तर हातोडा मारायचा नाही, दणका पाण्यातून थेट माशाला बसतो. गरम पाण्याचं पातेलं बर्फावर टेकवून ठेवायचं, आपोआप वितळतं.

आणि तुमच्या स्वतःच्या तळ्याचं पाणी मागच्या आठवड्यात मी पाहिलं तेव्हा सव्वा मीटरच होतं. आधी ते वाढवा.