'जय सेवा'ला उत्तर काय द्यायचं?

प्रश्न : ताई, मी चिमूर तालुक्यातल्या एका महाविद्यालयात हॉटेल मॅनेजमेंट आणि पर्यटन शिकवतो. 'सांस्कृतिक विविधता' हा पेपर माझ्याकडे आहे. मागच्या महिन्यात प्रात्यक्षिक म्हणून 'आदिवासी सायंकाळ' ठेवली. वर्गातल्या एकुलत्या एका गोंड मुलाला पानापिसांचा पोशाख घालून नाचायला लावलं. टाळ्या खूप पडल्या, पण तेव्हापासून तो वर्गात येत नाही. आता काय करू?

उत्तर : सर, त्याच्या घरी कोणी पानं गुंडाळून फिरतं का, हे आधी विचारलं होतं? त्याचे वडील शर्ट-पँट घालूनच तेंदूपत्ता तोडायला जात असतील. तो नाचला तो त्याचा नाच नव्हताच, तुमच्या डोक्यातला होता.

त्याला ऑफिसात बोलावू नका. घरी जा, एकटे जा, चहा घ्या आणि माफी मागा. 'पुढच्या वेळी कार्यक्रम तूच बसव' असं मात्र लगेच म्हणू नका. ती पुन्हा वेठच झाली.

वर्ग परत सुरू कराल तो नमस्कारापासून करा. जपानी माणूस कसा वाकतो ते पुस्तकात आहे. तुमच्या पोरांच्या घरी पाहुण्याला काय म्हणतात, ते नाही. फळ्यावर लिहून घ्या : रामराम, जय भीम, गोंडांचा जय सेवा, सलाम, जय गजानन. मग एकाला रिसेप्शनवर उभं करा, दुसऱ्याला पाहुणा करा. पाहुणा 'जय भीम' म्हणाला आणि समोरून 'गुड मॉर्निंग' आलं, तर त्याला काय वाटेल, हे पोरांनाच बोलू द्या. नागपूरनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ला, बाबासाहेबांनी चंद्रपूरलाही दीक्षा दिली. दरवर्षी त्या दिवसांत दीक्षाभूमीला येणारी काही कुटुंबं ताडोबा पाहायला म्हणून माझ्याकडे मोहर्लीला उतरतात. मी स्वतः 'जय भीम' म्हणायला दोन वर्षं उशीर केला, हे कबूल करते.

जेवणातही माझी फजिती झालेली आहे. एक जैन कुटुंब आलं होतं. कांदा, लसूण, बटाटा सगळं टाळलं आणि वरणात मोठ्या प्रेमानं आलं ठेचून घातलं! आजींनी वास घेतला आणि वाटी बाजूला सरकवली. आलंही जमिनीतलंच की. सुंठ चालली असती, हे त्यांनीच सांगितलं. शिवाय सूर्यास्तानंतर त्या जेवत नाहीत आणि हिवाळ्यात संध्याकाळची सफारी संपेस्तोवर सूर्य बुडालेला असतो. म्हणजे पोटभर जेवण दुपारीच, जिप्सी निघायच्या आधी. हे वेळापत्रक पोरांना कागदावर आखायला द्या, वाढपी कधी येणार इथपासून. तासभर सहज जाईल, भांडणंही होतील.

जपानी वाकण्यावर परीक्षेत प्रश्न येतोच, तेव्हा तेही शिकवा. अर्धा तास पुरे.